दवाचा डबा

आज पहाटे खिडकीच्या गजांना ओल होती. सहज बोट फिरवले, तर गजाच्या खालच्या अंगाला लोंबणारे थेंब एकमेकांत मिसळले आणि मनगटावरून कोपरापर्यंत एक थंड ओघळ उतरत गेला. पौष लागला की पेणच्या रामवाडीतल्या आमच्या घरी हा पाहुणा ठरलेला असतो. महामार्गावरची वाहने अशा वेळी क्रमाक्रमाने प्रकट होतात. आधी धुक्यात एक पिवळा डाग दिसतो, मग घरघर ऐकू येते, आणि सर्वांत शेवटी गाडी येते. जणू गाडीच्या कल्पनेपासून गाडी तयार होत आहे.

मी ओले बोट जिभेला लावले. ही माझी जुनी सवय आहे. दवाला चव नसते. पाण्याला असते; विहिरीच्या, नळाच्या, नदीच्या, प्रत्येक पाण्याला स्वतःची एक चव असते. दव मात्र जिभेवर येते आणि काहीही न सांगता निघून जाते. हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवले नाही. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात एका स्टीलच्या डब्याने शिकवले.

'दव पडते' असे आपण म्हणतो. वर्गात मी मुलांना नेहमी थांबवून सांगत असे की दव पडत नाही. वरून काहीच येत नाही. रात्री जमीन, गवत, पत्रा हे सारे थंड होत जाते, आणि भोवतालच्या हवेत आधीपासून असलेली, न दिसणारी वाफ त्या थंड अंगाला टेकते व पाणी होते. जे जवळच होते, तेच दिसू लागते. मुले माना डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'बाई, काल लय दव पडलं' असे म्हणत. मीही पुढे दुरुस्त करणे सोडून दिले. काही चुका भाषेला शोभतात.

माझी शाळा तेव्हा पेण आणि रोहा यांच्या मधल्या एका गावात होती. पेणहून रोह्याची एस.टी. धरायची, फाट्यावर उतरायचे आणि भातखाचरांच्या बांधांवरून चालत जायचे. गावाच्या पाठीशी डोंगर होता, पुढ्यात खाडी. मधल्या पट्ट्यात माणसे राहत. माझी भाड्याची खोली गावाच्या वरच्या आळीत होती आणि शनिवारी दुपारी मी पेणला परत येत असे. वडखळकडे काही कामाने जाणे झाले, तर एस.टी.च्या खिडकीतून मिठागरांचे पांढरे ढीग दिसत. हिवाळ्याच्या उन्हात ते इतके शांत वाटत, की कोणीतरी आकाशाचे कपडे धुऊन वाळत घातले आहेत आणि आणायला विसरले आहे, असे मनात येई.

भात कापले गेले की त्या पट्ट्यातल्या खाचरांत वाल पेरत. वालाचे मला तेव्हा फार नवल वाटे. पाऊस निघून गेलेला असतो, पाटाचे पाणी नसते, विहिरी खाली गेलेल्या असतात. आणि हे पीक जमिनीत उरलेल्या ओलीवर व रात्रीच्या दवावर हिरवे होत राहते. मागत काही नाही. सकाळी शेतातून चालत गेले तर साडीचा काठ घोट्यापर्यंत ओला होई आणि त्याला वालाच्या पानांचा किंचित कडसर वास लागे. तो वास दुपारी फळ्यावर गणित मांडतानाही येत राही.

त्या वर्षी रेडिओवरच्या संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमात एक आवाहन ऐकले. कोकणात हिवाळ्यात कुठे किती दव मिळते, हे एका संशोधन केंद्राला जाणून घ्यायचे होते. प्रत्येक गावी माणूस नेमणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून शिक्षक, शेतकरी, गृहिणी, जो कोणी पहाटे उठतो आणि रोज एकाच जागी जाऊ शकतो, त्याने हातभार लावावा अशी विनंती होती. मी पत्र पाठवले. उत्तरादाखल सूचनांचा एक कागद आला. वाचून मला गंमत वाटली, कारण त्यात कसलेही भारी यंत्र नव्हते. बांबूच्या चौकटीवर प्लास्टिकचा कागद ताणून बसवायचा. चौकट एका बाजूला उतरती ठेवायची. उतरत्या टोकाशी एक डबा. उजाडताना, ऊन यायच्या आत, कागदावर खालून हलकेच टिचकी मारायची, म्हणजे चिकटून राहिलेले थेंबही घरंगळत येतात. मग डब्यातले पाणी मोजायचे. जागा तीच, वेळ तीच, चौकट तेवढीच. जे असेल ते लिहायचे.

आम्ही तीन चौकटी मांडल्या. एक शाळेच्या अंगणात. दुसरी यमुनावहिनींच्या वालात. त्यांचे शेत माझ्या शाळेच्या वाटेवरच होते. तिसरी खाडीच्या अंगाला, सुगंधाताईंच्या शेताच्या कोपऱ्यात. तिथे जायचे म्हणजे सकाळच्या घाईत मला फार वळसा पडे, म्हणून तिथला डबा सुगंधाताई स्वतः माझ्या खोलीवर आणून देत. डबे माझ्याच स्वयंपाकघरातले होते, झाकणाचे, एका मापाचे. शाळेच्या प्रयोगशाळेतले काचेचे मोजपात्र मी खोलीवर आणून ठेवले होते.

सुगंधाताईंचा तो कोपरा म्हणजे त्या हिवाळ्याची खरी गोष्ट. त्यांचे यजमान रोह्याला कंपनीत होते. शिफ्ट सांभाळायची आणि घरी आले की झोपायचे, एवढाच त्यांचा शेतीशी संबंध. शेत पाहायचे ते सुगंधाताई आणि त्यांचे धाकटे दीर दत्ताराम. जवळून नवा रस्ता गेला होता आणि त्याचा भराव त्या कोपऱ्याच्या कडेला उंच उभा राहिला होता. त्यानंतरच्या हिवाळ्यांत तिथला वाल धरेना. रोपे यायची, वीतभर व्हायची आणि पिवळी पडायची. दत्तारामांचे मत पक्के होते: भरावाने दव अडवले. दवच नाही तर वाल कसला? त्यापेक्षा कोपरा खणून माती वीटभट्टीला द्यावी. भट्टीवाला दोनदा येऊन पाहून गेला होता. सुगंधाताईंना ते सोसत नव्हते, कारण एकदा माती गेली की त्या जागी खड्डा राहतो आणि खड्ड्यात खाडीचे खारे पाणी येऊन बसते. मग ते शेत पुन्हा शेत होत नाही. अखेर घरात ठरले की शिमग्याआधी निर्णय करायचा. आणि दव खरेच अडते का, हे तोवर बाईंच्या चौकटीला विचारायचे.

चौकट बसवली त्या सकाळी दत्ताराम कमरेवर हात ठेवून उभे होते.

"बाई, दव मोजून करनार काय? बाजारात नेनार?"

मी काही बोलायच्या आत यमुनावहिनी बांधावरून म्हणाल्या, "नेतील की. तुमच्या मिशांवरचं पन नेतील. सकाळी लय साचलेलं असतं."

"तुझ्या तोंडावर नाय साचत, ते बंदच नसतं म्हनून," दत्ताराम म्हणाले, आणि सुगंधाताई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या फार हसणाऱ्या नव्हत्या. म्हणूनच मला ते हसू आठवते.

त्या दिवसांतल्या सकाळी आता एकमेकींत विरघळून गेल्या आहेत. कोणती आधी आणि कोणती नंतर हे सांगता येत नाही. चुलीचा धूर वर न जाता आडवाच कौलांना धरून पसरायचा. कुठेतरी भाकरी थापल्याचा आवाज. खाडीकडून एखादा बगळा यायचा आणि धुक्यातून पांढऱ्यातले पांढरे होऊन निघून जायचा. मग दाराची कडी वाजायची आणि "बाई, उठलाव काय?" असा हलका आवाज यायचा. ओल्या पावलांनी सुगंधाताई उंबऱ्याच्या आत येत, डबा दोन्ही हातांनी देत. दोन्ही हातांनी, जसा नैवेद्य द्यावा. मी मोजपात्रात पाणी ओतायची. त्या वाकून पाहायच्या. त्यांना वाचता फारसे येत नव्हते, पण पाणी काचेवरच्या कोणत्या रेघेला टेकले हे त्या बोटाने दाखवत. तिन्ही चौकटींचे आकडे मी शाळेच्या ओट्यावरच्या छोट्या फळ्यावर खडूने मांडत असे, गावातल्या कोणालाही दिसतील असे.

मधूनच डोंगरावरून कोरडा वारा सुटे. रात्रभर कौलांवर पाने सरकत राहत आणि सकाळी सगळे खडखडीत असे. अशा सकाळी मिठागराकडची माणसे खूश असत, मीठ लवकर धरेल म्हणून. वालवाले मात्र हिरमुसत. एकाच वाऱ्याची दोन तोंडे. त्या सकाळी शाळेची चौकट कोरडी असे, यमुनावहिनींचीही कोरडी. सुगंधाताईंच्या डब्यात मात्र थोडेसे पाणी असे. फार नाही, तळ झाकण्यापुरते.

मला त्याचे केवढे अप्रूप वाटले! वारा सगळीकडे दव पुसून नेतो, आणि त्या एका कोपऱ्यात मात्र काहीतरी उरते. खाडी जवळ आहे म्हणून असेल का? रात्री खाडी श्वास सोडत असेल आणि भरावाच्या आडोशाला तो थांबत असेल का? शाळेतून परतताना मी मुद्दाम तिकडे जाऊन उभी राही. ओहोटीचा चिखल चमकत असे, खेकड्यांची बिळे त्यात टाचणीने टोचल्यासारखी दिसत, आणि वालाची पिवळट रोपे त्या चमत्काराला अजिबात साक्ष देत नसत.

मग एका वाऱ्याच्या सकाळी मला शाळेची घाई होती. सुगंधाताईंचा डबा मोजून झाला आणि तो न पुसता, उपडा न घालता, खिडकीत तसाच राहिला. दुपारी ऊन खिडकीतून आत आले. संध्याकाळी डबा हातात घेतला, तर तळाशी एक बारीक पांढरी कडी दिसली, नखाने खरवडली तर निघेल अशी. मी ते नख जिभेला लावले.

खारट.

हवेतून टेकलेल्या पाण्याजवळ मीठ नसते. वाळल्यावर ते मागे काही ठेवत नाही. मागे ठेवते ते विहिरीचे पाणी, आणि हिवाळा सरताना खाडीच्या अंगाच्या विहिरी हळूहळू मचूळ होऊ लागतातच.  वाईट वाटले ते चमत्कार गेल्याचे नव्हे. ज्या दोन्ही हातांनी डबा येत होता, त्या हातांचे काय करायचे, हे समजेना.

दुसऱ्या सकाळी वारा होताच. शाळेची चौकट मी आधीच पाहून आले होते, कोरडी. सुगंधाताई डबा घेऊन आल्या. नेमके दत्तारामही बांधाकडे जाताना दारात थांबले होते. आदल्या रात्रीचा आकडा ऐकून पुढे जायचा त्यांचा परिपाठ झाला होता. मी झाकण काढले. तळाशी पाणी होते.

"सुगंधाताई, आज यात पाणी कुठून आले?"

"विहिरीतलं," त्या म्हणाल्या. लपवाछपवीचा लवलेशही नव्हता. अंगणात सडा घातला असे सांगावे, तसे त्यांनी सांगितले. "डबा कोरडा व्हता. म्हनून वाईच घातलं."

दत्ताराम मोठ्याने हसले. "घ्या! म्हंजे एवढे दिवस बाई विहीर मोजत व्हत्या. वहिनी, कोपरा राखायला पानी वतून दव दाखवता व्हय? आता सगळंच खोटं धरायचं."

सुगंधाताईंचा चेहरा उतरला नाही, तापला. "खोटं? कुनाच्या घरचं भांडं कुनी रिकामं धाडतं काय, भावोजी? वाटीभर ताक आनलं तरी वाटीत चिमूटभर साखर घालून धाडायची. कुनी शिकवलं मला? तुमच्याच आयेनं शिकवलं. लग्न होऊन आले त्याच म्हैन्यात. आता बाईंचा डबा, बाईंच्या उंबऱ्यात, सकाळच्या पारी, रिकामा आनू?"

दत्ताराम हसायचे थांबले. आईचे नाव निघाले होते. पण ते मागे हटणारेही नव्हते. "ते सगळं खरं," ते म्हणाले, "पन मग दव किती आनि विहीर किती, हे आता कोन सांगनार?"

प्रश्न योग्य होता. हसण्यात दडलेला असला, तरी तो शास्त्राचाच प्रश्न होता. मी म्हटले, ऊन सांगेल. डब्यातले ते पाणी मी एका बशीत ओतले आणि बशी खिडकीत ठेवली. वारा पडल्यावर, पहिल्याच दाट दवाच्या सकाळी, सुगंधाताईंच्या डब्यातले पाणी दुसऱ्या बशीत घातले आणि तीही तिथेच ठेवली. दुपारच्या सुट्टीत दत्ताराम आले, यमुनावहिनी आल्या, वाटेने जाणारे आणखी कोणी कोणी डोकावले. सुगंधाताई आत आल्या नाहीत. त्या बाहेर अंगणातल्या पेंढ्याशी काहीतरी करत असल्यासारखे दाखवत होत्या. पहिल्या बशीत पांढरी कडी उमटली होती. दुसरी बशी आरशासारखी स्वच्छ होती.

"म्हणजे," मी सांगितले, "ज्या सकाळी दव होते, त्या सकाळी त्यांनी एक थेंबही घातलेला नाही. कोरडा डबा तेवढा भरून आणला. वाऱ्याच्या सकाळचे त्यांचे आकडे पुसू. बाकीचे इतर दोन चौकटींशी जुळतात; ते खरे आहेत."

दत्तारामांनी दोन्ही बशा उचलून उन्हात तिरप्या करून पाहिल्या. दुसरीच्या तळावर बोट घासले, चाखले. मग दोन्ही जागच्या जागी ठेवल्या.

आकड्यांचे निभावले, पण पुढचे अवघड होते. संध्याकाळी मी सुगंधाताईंकडे गेले. त्या वालाच्या जुन्या शेंगा सोलत होत्या. मीही सोलू लागले. शिकवण्याच्या सवयीने मी समजावले: कोरडा डबा म्हणजे दारिद्र्य नव्हे. काल रात्री काही आले नाही, ही पण एक बातमी आहे, आणि केंद्राला ती हवी आहे. वारा सुटला की सगळ्यांचे डबे कोरडे होतात. तुमचाही कोरडा असेल, तर तुमचा कोपरा इतर शेतांसारखाच आहे असे ठरेल. तुम्ही पाणी घातलेत, तर तो वेगळा दिसेल. आणि वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टीवर लोक विश्वास ठेवत नाहीत.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. सोललेला वाल सुपात टाकत म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल, बाई. शाळेत ते चालत असेल. माझ्या हातून रिकामं भांडं उंबऱ्याच्या आत जायचं नाय."

"मग कोरड्या सकाळी येऊ नका. मीच तिकडे येईन."

"तुम्ही एवढा वळसा घालनार आनि मी घरात बसनार? ते पन नाय."

तिथेच ते बोलणे थांबले. अंधारायला लागले होते. शेजारच्या अंगणात कोणीतरी म्हशीला हाका मारत होते. बाहेर पडताना मला वाटले, तिसरी चौकट आता उतरवावी लागणार. निरीक्षण प्रामाणिक राहायचे, तर एका बाईला तिची रीत मोडायला लावायची. रीत राखायची, तर निरीक्षण जाणार. आणि निरीक्षण गेले, तर शिमग्यानंतर त्या कोपऱ्यात फावडी पडणार. तिन्ही गोष्टी मला स्पष्ट दिसत होत्या आणि एकीचाही उपाय दिसत नव्हता.

पुढे काही दिवस दाट दव मिळत राहिले. मग पुन्हा कौलांवर पाने सरकू लागली. पहाटे कडी वाजली, "बाई, उठलाव काय?" ऐकू आले. डबा हातात आला तो हलका होता. मी झाकण उघडले. तळाशी वालाचे एक फूल होते. पांढरे, कडेला जांभळी झाक असलेले, फुलपाखरू मिटून बसावे तसे.

"हे पानी नाय," सुगंधाताई म्हणाल्या. "मोजाया जाऊ नका. पन रिकामं पन नाय."

मी मोजपात्र हातात घेतलेलेच होते. ते खाली ठेवले.

त्या दिवशी ओट्यावरच्या फळ्यावर मी शून्य काढले नाही. त्या जागी खडूने फूल काढले. नंतर वारा येई त्या सकाळी फूल येई. यमुनावहिनींनी ते पाहिले आणि आपल्याही कोरड्या डब्यात फूल टाकायला सुरुवात केली, म्हणाल्या, "तिच्याच डब्यात शोभा कशाला? माझा वाल काय फुलत नाय?" शाळेच्या शून्याच्या जागीही मग मी फूलच काढू लागले. फळा त्या हिवाळ्यात फार सुंदर दिसे. आकडे, आकडे, मग एका ओळीत तीन फुले. ज्याला वाचता येत नव्हते, त्यालाही ओट्यासमोरून जाताना कळे की फुले येतात ती तिन्ही जागी एकदमच येतात.

केंद्राला मी जुने आकडे का खोडले ते कळवले, डब्याची आणि फुलाची हकिगतही कळवली. त्यांचे पत्र आले. त्यात असे होते, की ज्या रात्री काही मिळत नाही, त्या रात्रींचीच नोंद लोकांकडून मिळणे सर्वांत कठीण जाते. कोणी त्या दिवशी लिहितच नाही, कोणाला लिहायची लाज वाटते. आमच्या फुलांची त्यांनी शून्ये करून घेतली होती आणि चौकट चालू ठेवण्यास सांगितले होते.

पुढे पुष्कळदा मी यावर विचार केला आहे. सामान्य माणसाने शास्त्राला काय द्यावे? यंत्र त्याच्याजवळ नसते, पदवी नसते. पण तो एका जागी राहतो. एका बांधावर रोज जातो. त्या बांधाकडे पाहणारे दुसरे कोणी जगात नसते. त्याने पाहिलेले त्याने जसेच्या तसे सांगितले, तर ते दुसरे कोणीही देऊ शकणार नाही असे देणे आहे. अट एवढीच, की ओंजळ रिकामी असेल तेव्हाही ती पुढे करता आली पाहिजे. आणि आपल्याकडे तर लहानपणापासून उलटे शिकवलेले असते.

आता आमच्या रामवाडीतल्या काही मुली सुट्टीच्या सकाळी फोन घेऊन पक्षी मोजायला जातात आणि यादी कुठेशी पाठवतात. परवा त्यांतली एक हिरमुसून परत आली. म्हणाली, "काकू, अख्खा तास उभी होते. एकही नाही दिसला. आज काही पाठवायचंच नाही." मी तिला आत बोलावले, चहा दिला आणि तास लिही, जागा लिही, दिसला नाही असेही लिही म्हणून सांगितले. तिला ते पटले की नाही कोण जाणे. फुलाची गोष्ट तिला सांगायला हवी होती. पण तिचा फोन वाजला.

त्या वर्षी शिमगा जवळ आला तेव्हा पोपटी लावली होती, यमुनावहिनींच्या शेतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला. मडके उपडे घालून भोवती पेंढा पेटवलेला. पाण्याचा एक थेंब नाही, शेंगा आपल्याच ओलीवर शिजतात. सूर्य नुकताच खाडीत उतरत होता. सगळे जाळाभोवती बसले होते आणि कोपऱ्याचा निर्णय मात्र कोणी काढत नव्हते. शेवटी दत्तारामांनीच काढला.

"फळा मी रोज बघितलाय," ते जाळाकडे पाहत म्हणाले. "दव अडत नाय. जेवढं हितं, तेवढंच तिथं. ते मी मानलं. पन मग वाल का सुकतो? जमीन मेली म्हनावं, तर भात तिथंच सगळ्यांत दाट येतो."

 पेंढा तडतडत होता.

"दाट येतो, पन निघतो कवा?" यमुनावहिनी म्हणाल्या. "तिथं तुमी गरवा भात लावता. आमचा हळवा कापून, झोडून, वाल पेरून झाला तरी तुमचा उभाच. मग वाल टाकता तवर खालची ओल गेलेली. दवानं एकट्यानं किती करायचं गो? ते बिचारं रोज येतंय, पन खाली धरायला काय नको?"

सुगंधाताईंनी मान वर करून यमुनावहिनींकडे पाहिले. "खरं हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पयले आमी पन तिथं हळवाच लावायचो. रस्त्याचं काम झालं, तवापासून पानी साचायला लागलं, म्हनून पान्यात टिकनारा गरवा केला."

"आनि हे तू आत्ता सांगतंस?" दत्ताराम यमुनावहिनींवर उखडले.

"तुमी दव दव करत व्हता. मला कुनी इचारलं?"

मडके उलटले. वाफेचा लोट आला आणि भांबुर्डीचा रानवट वास सगळ्यांच्या अंगावरून गेला. दत्तारामांनी गरम शेंग तोंडात धरून दातांनी दाणे ओढले, टरफल जाळात टाकले.

"एक वरीस," ते म्हणाले. "चर खनून पानी काढू आनि हळवा लावू. वाल नाय आला, तर मग भट्टीवाल्याला मी नाय म्हननार नाय."

 सुगंधाताईंनी मडक्यातल्या शेंगा आधी दिरापुढे ठेवल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्या कोपऱ्यातला वाल गुडघ्याच्या वर गेला. त्या वालाचे मूठभर दाणे सुगंधाताईंनी मला त्याच डब्यातून दिले; म्हणाल्या, "हे खायाचे नाय, ठेवायचे." मग माझी बदली झाली, रोह्याच्या पुढे रेल्वेगाड्या जाऊ लागल्या, चौकटी मोडल्या, केंद्राचे कामही संपले. डबा मात्र चालू राहिला. दर हिवाळ्यात, शेंगा धरल्या की, गावातून पेणला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती तो येतो, कोवळ्या शेंगांनी भरलेला. मी त्यात पोहे किंवा पापड घालून परत धाडते. राखेत घोळून ठेवलेले ते दाणे दरवर्षी कुंडीत पेरायचे, नवे धरायचे आणि पुन्हा राखेत ठेवायचे, हा नेम मी मोडलेला नाही.

यंदा थंडीत सारखे मळभ येत राहिले. आज उजाडताना, गजांवरचे दव अजून ओघळत होते तेव्हा, दारात एक ओळखीचा तरुण उभा राहिला, सुगंधाताईंचा नातू. "आजीनं दिलाय," म्हणाला आणि बाजाराच्या घाईत निघून गेला, परतताना येतो म्हणून. डबा हातात घेतला आणि हाताला ते आधीच कळले. हलका होता.

झाकण काढले. तळाशी एक फूल होते.

फुलोरा गळला असेल. शेंगा धरल्याच नसतील. त्यांनी ते जसे आहे तसे कळवले होते. बाजारातून चार शेंगा विकत घेऊन डबा भरला नव्हता.

मी डबा धुतला, पुसला, खिडकीतल्या उन्हात ठेवला. तो वाळल्यावर फडताळातून राखेची बरणी काढली, दाणे एकेक करून पुसले आणि डब्यात घातले. बरणीत होते ते सगळे. नातू परत येईपर्यंत मी डबा मांडीवर घेऊन दारातच बसले.